सातवीच्या मुलांचा ब्लॉग काढावा म्हणतोय, कुणी केलंय का असं?

खडूफळा:
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला मराठी शिकवतो, पट २६. निबंध दिला की सगळ्या वह्यांत गाइडमधलाच निबंध, 'मातीचा सुगंध दरवळतो' हे वाक्य मागच्या आठवड्यात ११ वह्यांत सापडलं. आणि हीच पोरं मधल्या सुट्टीत विहिरीत पडलेल्या कोल्ह्याला कसं बाहेर काढलं ते असं रंगवून सांगतात की ऐकत राहावं. म्हणून वाटतंय वर्गाचा ब्लॉग काढावा, पोरांनी आपलं आपलं लिहावं. शाळेत एक लॅपटॉप, दोन टॅब, नेट माझ्याच मोबाईलचं. भीती दोन गोष्टींची, एक म्हणजे नावं-फोटो, आणि दुसरं शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवायच्या का? गावात कुणी वाचलं तर म्हणतील मास्तर काय शिकवतो.

शेंगाचटणी:
सर नक्की काढा. मी तीन वर्षं करतेय. आमच्याकडे एका मुलीने लिहिलं, आमची शेळी व्याली, दोन करडं झाली. बस, चार ओळी. मी वहीत 'छान' लिहून सोडून दिलं असतं खरं सांगते. पण ब्लॉगवर माझ्या मैत्रिणीने, ती पुण्यात असते, कमेंटमध्ये विचारलं की दोन्ही करडं लगेच उठून प्यायली का? पोरगी घरी जाऊन आजीला विचारून आली आणि दुसऱ्या दिवशी दीड पान, एक करडू आचळाला तोंडच लावत नव्हतं, मग आजीने बोटावर चीक घेऊन त्याच्या जिभेवर लावला, तीनचार वेळा केलं तेव्हा कुठे ते चोखायला लागलं. हे सगळं तिला आधीपासून माहीत होतं हो, पण कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे माझं म्हणणं, ब्लॉगपेक्षा वाचणारी माणसं आधी गोळा करा. पाचसहा जण पुरे, माजी विद्यार्थी, दुसऱ्या शाळेतले शिक्षक, आणि त्यांना आधीच बजावून ठेवा की 'खूप छान बाळा' लिहू नका, प्रश्न विचारा.

चुकांचं म्हणाल तर आम्ही जोडीने वाचतो, एकाने मोठ्याने वाचायचं, लिहिणाऱ्याने ऐकायचं. निम्म्या चुका तिथेच सापडतात. ऱ्हस्व-दीर्घ मी शेवटी बघते, पण 'व्हतं', 'आलोया' असल्या बोलीला हात लावत नाही.

की_बोर्डवाला:
पालक आहे, काम वेबसाइटचं. मुलांची अकाउंट काढू नका सर, गुगलचं खातं स्वतःचं स्वतः काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात आणि सातवीतली बरीच मुलं १२ ची असतात. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतला प्रत्येक जण बालकच धरलाय, म्हणून पालकसभेत लेखी संमती घ्याच. एकच खातं तुमचं, खाली फक्त पहिलं नाव, चेहऱ्याचे फोटो नाहीत, गावाचं नाव नाही. कमेंट मंजुरीवर ठेवा, म्हणजे तुम्ही बघितल्याशिवाय दिसणार नाही. पुढे मोठ्या मुलांना स्वतः टाकू द्यायचं असेल तर वर्डप्रेस या ब्लॉग काढायच्या सेवेत कॉन्ट्रिब्युटर म्हणून घेता येतं, ते लिहितात पण प्रसिद्ध तुम्ही करायचं. गुगलच्या ब्लॉगर या सेवेत तशी सोय नाही, तिथे लेखक केलं की तो थेट टाकू शकतो.

जुना_मास्तर:
मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. आमच्या शाळेत हे झालं आणि दिवाळीनंतर बंद पडलं, कारण २६ पोरांचं टायपिंग शेवटी सरच रात्री बसून करत होते. मग तो पोरांचा ब्लॉग कसला? आधी महिनाभर भित्तिपत्रकावर करा, शेजारी कोरे कागद लावा, सहावीच्या पोरांना त्यावर प्रश्न लिहू द्या. ते जमलं की मग टॅब. आणि टायपिंग अडलं तर मोबाईलवर मराठीत बोलून टाइप होतं, त्यात चुका होतात पण त्या पोरांनीच दुरुस्त कराव्यात.

क्लाइडकाठची:
मी स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोत असते. इथे २०१२ मध्ये अर्गाइल भागातल्या मार्था पेन नावाच्या ९ वर्षांच्या मुलीने शाळेतल्या जेवणावर ब्लॉग सुरू केला होता, नेव्हरसेकंड्स. रोज ताटाचा फोटो, १० पैकी मार्क, किती घास झाले, आणि जेवणात केस सापडले का तेही! तिथल्या कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, शाळेत फोटो काढायला बंदी घातली, केवढा गदारोळ झाला, बंदी मागे घ्यावी लागली. त्या ब्लॉगमुळे जमलेल्या लाखभर पौंडांतून आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका शाळेत स्वयंपाकघर झालं. सर, तुमच्या पोरांनाही असा रोजचा एक विषय द्या ना, पोषण आहाराची खिचडी आहेच की.

खडूफळा:
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं पटलं, सोमवारपासून भित्तिपत्रक, पहिला लेख कोल्ह्याचाच. शेंगाचटणी ताई, तुमची ती पुण्याची मैत्रीण आमच्याही पोरांना प्रश्न विचारेल का?