मदत हवी आहे: बाबांसाठी स्मार्टफोन आणि विकतची अ‍ॅप्स घ्यावीत का?

नमस्कार मंडळी. बाबांची नजर झपाट्याने अधू होते आहे. सध्या त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. पाचच्या बटणावरचा उंचवटा चाचपून ते न चुकता नंबर लावतात. पण औषधाच्या पाकिटावरचं नाव, आलेलं पत्र, मेसेज हे सगळं दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं आणि ते त्यांच्या मनाला फार लागतं. म्हणून स्मार्टफोनचा विचार आहे.

स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवणारी सोय, म्हणजे अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, फुकटच असते. छापील मजकूर वाचून दाखवणारी लुकआउट, सीइंग एआय ही अ‍ॅप्सही मोफत आहेत. मग दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरून घ्यायच्या अ‍ॅप्समध्ये जास्तीचं काय मिळतं? विशेषतः मराठी मजकूर, जोडाक्षरांसकट, कोणतं अ‍ॅप नीट वाचतं? चकचकीत पाकिटावरची बारीक अक्षरं जमतात का?

महागडा फोन खरंच लागतो का? मला वाटतं, स्वस्त फोनवर टॉकबॅक अडखळलं तर बाबा पुन्हा हात लावणार नाहीत. घरात कुणी वापरत असेल तर अनुभव नक्की सांगा. सपाट काचेवर बोटांची सवय व्हायला किती वेळ लागला, तेही लिहा.