मदत हवी: पॉनमध्ये (सॅम्पची स्क्रिप्ट लिहायची भाषा) डायलॉग उघडताना स्टॅक भरतो, स्ट्रिंगचे आकार कसे ठरवायचे?

राजेहो, आर्वीजवळच्या खेड्यातून लिहितोय. गावातली आणि कामासाठी नागपूर-पुण्याला गेलेली पोरं रात्री आमच्या सॅम्प (जीटीए सॅन अँड्रियासचा मल्टिप्लेअर) सर्व्हरवर जमतात. गेममध्ये कापूस वेचायचा, जिनिंगला न्यायचा, काटा करून चुकारा घ्यायचा. पोरांनी जीव लावलाय त्याला, म्हणून हे नीट व्हावं असं फार वाटतं.

अडचण चुकाऱ्याच्या यादीत आहे. डायलॉग, म्हणजे यादीची खिडकी, उघडला की रनटाइम एरर ३, म्हणजे स्टॅक आणि हीप या मेमरीच्या दोन भागांची टक्कर. त्या फंक्शनमध्ये ४०९६ ची लोकल स्ट्रिंग (फक्त त्या फंक्शनपुरती, स्टॅकवरची मजकुराची जागा) आहे, कारण डायलॉगचा मजकूर तेवढा जाऊ शकतो. पॉनमध्ये साध्या स्ट्रिंगचं एकेक अक्षर अख्खा सेल घेतं, ४ बाइट. झाले १६ केबी. आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर स्टॅक-हीप मिळून ४०९६ सेलच असतात!

दोन वाटा दिसतात: प्रॅग्मा डायनॅमिक या कंपायलरला द्यायच्या सूचनेने स्टॅक वाढवणे, नाहीतर स्ट्रिंग स्टॅटिक करणे, म्हणजे स्टॅकबाहेर कायमच्या जागेत ठेवणे. स्टॅटिक केली आणि दोघांनी एकदम यादी उघडली, तर एकाचा चुकारा दुसऱ्याला दिसेल का? मला याचीच जास्त धास्ती आहे.

शिवाय प्रत्येक खेळाडूसाठी २५६ ची एक ग्लोबल स्ट्रिंग आहे. मॅक्स प्लेअर्स (खेळाडूंची कमाल संख्या) १००० धरलं तर १०,२४,००० बाइट. आमचे स्लॉट फक्त ५०.

उत्तर: भाऊ, स्टॅटिक कर. पॉनचे कॉलबॅक (काही घडलं की सर्व्हर बोलावतो ती फंक्शनं) एकामागून एकच चालतात, त्यामुळे दोघांची यादी मिसळत नाही. फक्त स्टॅटिकमध्ये मागचा मजकूर राहतो. यादीचा मजकूर जोडायला सुरुवात करण्याआधी स्ट्रिंगचा पहिला सेल शून्य कर, नाहीतर मागच्याचा हिशोब खरंच पुढच्याला दिसेल. आणि ते फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावत नाही ना, तेवढं बघ.

मॅक्स प्लेअर्सची मूळ व्याख्या इन्क्लूडच्या ओळीनंतर अनडिफाइन करून (काढून) ५० लिही, तीच स्ट्रिंग ५१,२०० बाइटवर येते. चॅटच्या ओळीला १४५ पुरे: १४४ अक्षरं आणि शेवटचं शून्य. लोकल स्ट्रिंग दर वेळी शून्यांनी भरली जाते, म्हणून सतत चालणाऱ्या टायमरमधल्या मोठ्या स्ट्रिंग आधी कमी कर. नंतर कंपायलरला डी-३ (-d3) हा पर्याय लावून कंपाइल कर, स्टॅकचा अंदाज कंपायलरच सांगतो. तो आकडा इथे टाक, मग डायनॅमिक किती ठेवायचं ते बघू.