पुराचं पाणी धरणाऱ्या शेताला शहराने भाडं द्यावं का?

मापाडी
परिसंस्था सेवा, म्हणजे निसर्ग आपल्याला फुकट देतो ते फायदे, म्हटलं की आपल्याकडे ऑक्सिजन नि पक्षी यापुढे गाडी जात नाही. म्हणून एकच सेवा घेतो, पुराचं पाणी धरणं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. नदी पात्र सोडते तेव्हा काठचं शिवार पाणी पोटात घेतं. एका हेक्टरवर एक मीटर पाणी म्हणजे 10,000 घनमीटर, एक कोटी लिटर. त्या हिशेबाने साधारण 2,830 हेक्टर शेत एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी धरतं. तेवढा तलाव खोदायचा तर खर्च किती? ऊस कुजतो शेतकऱ्याचा, वाचतं शहर. घरफाळ्यातून हेक्टरी वार्षिक भाडं द्या. अट एकच, भराव टाकून जमीन उंच करायची नाही.

निळीरेषा
हिशेब बरोबर, माप चुकीचं. शेत किती धरतं यापेक्षा कधी धरतं ते बघा. पूर चढताना दोन दिवस आधीच भरलेलं शेत शिखराच्या तासाला नवं पाणी घेणार कुठून? भरलेल्या घागरीचं भाडं मागताय राव. त्यात खाली संगमावर कृष्णेच्या पाण्याचा फुगवटा असला तर पंचगंगेचं पाणी हलतच नाही. दुसरं, निळ्या रेषेच्या आत, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, बांधकामाला बंदी आहेच. जे करायचंच नाही ते केलं नाही म्हणून पैसे?

गाळपेर
बंदी कागदावर, मुरमाचे डंपर शिवारात. पण हेक्टरी सरसकट भाड्याला माझाही विरोध. ऊस उभ्या पाण्यात काही दिवस तग धरतो. शेंडा बुडाला की पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, गाळ बसतो, वाढकोंब कुजतो, कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा येतात नि साखर उतारा घसरतो. म्हणजे नुकसान ठरतं खोलीवर आणि दिवसांवर. सरसकट दिलंत तर उंचवट्यावरचा पैसे नेणार, खोलगटातला बघत बसणार. आणि एक कडू गोष्ट: दाट उभा ऊस पाण्याला अडवतो, वरच्या अंगाला पातळी चढवतो. ही सेवा की उपद्रव, तेही मांडा.

देवराई
रुपयाच्या तराजूत नदी घालणंच मला पटत नाही. 1997 मध्ये जगभरच्या अशा सेवांची किंमत वर्षाला सरासरी 33 लाख कोटी डॉलर काढली होती. आकडा गाजला, पण एका बांधाचाही निर्णय त्यावर होत नाही. 2005 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सहस्राब्दी परिसंस्था मूल्यांकनाने पुरवठा, नियमन, सांस्कृतिक, आधारभूत अशी चौकट दिली. आपले सगळे हिशेब पहिल्या दोन कप्प्यांतच. नृसिंहवाडीला पुराचं पाणी पादुकांवरून दक्षिण दारातून बाहेर पडतं तेव्हा लोक स्नानाला धावतात. त्याचा दर काय लावणार? एकदा भाव ठरला की बिल्डर म्हणेल, घ्या वर्षाचं भाडं, मी भराव टाकतो.

मापाडी
देवराई ताई, दक्षिणद्वाराला दर लावा असं कुणी म्हटलेलं नाही. पण बिल्डरचा मुद्दा खरा. भाडं भरून भरावाची सूट मिळता कामा नये. निळीरेषांचंही ऐकतो. आधीच भरलेलं पाणी सोडा, 43 फुटांच्या वर शिखरापर्यंत शेतात जे नवं चढतं तेवढंच मोजू. भाडं फक्त निळ्या आणि लाल रेषेच्या (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) मधल्या पट्ट्याला, कारण तिथे अटींवर बांधकाम चालतं. निम्मं भराव नाही म्हणून, निम्मं खोली गुणिले दिवस या हिशेबाने. खोलीसाठी शिवारात रंगवलेल्या पट्ट्या, आणि दर मे महिन्यात एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे उंचीच्या पक्क्या खुणेवरून, जमिनीची लेव्हल.

निळीरेषा
लेव्हल घेणार कोण? शिवार ग्रामपंचायतीचं, घरफाळा महापालिकेचा. हद्दीबाहेर पैसा जायचा म्हटलं की सभागृहात काय होतं ते सांगायला नको.

गाळपेर
आणि लेव्हल वाढलेली दिसली म्हणजे भरावच, असं नाही. पूर दरवर्षी गाळ सोडतो. हातभर खड्डा घेऊनच बघावं लागतं: गाळ असेल तर बारीक थर दिसतात, मुरूम असेल तर खडे हाताला लागतात.