आर्केड कॅबिनेटच्या मॉनिटरला पीसी जोडला, पण एकाच चित्राची दोन चित्रं दिसतायत

जुनी_जॉयस्टिक:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक जुनं आर्केड कॅबिनेट आहे. गेमचा बोर्ड गेलाय, पण १९ इंची पिक्चर ट्यूबचा मॉनिटर चांगला आहे. व्हीजीए केबल (पीसीचं चित्र पडद्यापर्यंत नेणारी ॲनालॉग केबल) कापून लाल, हिरवी, निळी आणि ग्राउंड अशा तारा चॅसिसला, म्हणजे मॉनिटरच्या मागच्या सर्किट बोर्डाला, जोडल्या. सिंकच्या (प्रत्येक रेघ आणि प्रत्येक चित्र कधी सुरू करायचं ते सांगणाऱ्या) दोन तारा एकत्र पिळून एकाच पिनला दिल्या. पीसी चालू करताच बारीक शिट्टी ऐकू आली आणि पडद्यावर तेच चित्र शेजारी शेजारी दोनदा, तिरकं ओढलेलं आणि अगदी अंधुक. घाबरून लगेच बंद केलं. एलसीडी बसवायचा नाहीये. लहानपणी याच काचेला नाक लावून खेळलोय, तीच काच हवी. कुठे चुकलं?

चॅसिस_दुरुस्ती:
लगेच बंद केलंत ते फार बरं केलंत. तुमचा मॉनिटर साधारण १५.७ किलोहर्ट्झचा दिसतोय, म्हणजे सेकंदाला १५,७०० च्या आसपास आडव्या रेघा काढणारा. पीसीचं ६४० बाय ४८० व्हीजीए ३१.५ किलोहर्ट्झवर चालतं, जवळपास दुप्पट. मॉनिटरची एक रेघ काढून होईपर्यंत पीसीच्या दोन रेघा येऊन जातात, म्हणून चित्रं दोन. असं चालू ठेवलं तर हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे आडव्या रेघा काढायचं काम करणारा भाग, उडू शकतो.

अंधुकपणाचं कारण वेगळं. व्हीजीए रंगाच्या तारेवर ०.७ व्होल्ट देतं, आर्केड चॅसिसला बहुधा त्याच्या कितीतरी पट लागतात. मध्ये व्हिडिओ अँप्लिफायर हवाच. आणि सिंकच्या तारा नुसत्या पिळू नका, दोन आउटपुट एकमेकांवर आदळतात.

मी स्वतः जे-पॅक नावाचा, पीसी आणि कॅबिनेटच्या मध्ये बसणारा छोटा बोर्ड वापरतो. तो जामाच्या (आर्केड कॅबिनेटमधल्या वायरिंगची ठरलेली पद्धत) ५६ पिनांच्या कनेक्टरला थेट बसतो, सिंक एकत्र करतो, रंगांचा सिग्नल वाढवतो आणि ३१ किलोहर्ट्झचा सिग्नल पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे पीसी सुरू होतानाचा बायोसचा पडदाही मॉनिटरपर्यंत पोचत नाही. सोबत ॲनालॉग आउटपुट असलेलं जुनं रेडिऑन कार्ड, त्यावर सीआरटी इम्यूड्रायव्हर (कार्डाकडून १५ किलोहर्ट्झचा सिग्नल काढून देणारा ड्रायव्हर) आणि ग्रूव्हीमेम (पीसीवर जुने आर्केड गेम चालवणारा प्रोग्रॅम). एचडीएमआयमधून ॲनालॉग सिग्नल येत नाही, तेव्हा कार्ड बघून घ्या.

सगळ्यात आधी मात्र एक तपासा. मॉनिटरला वीज आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून (मेन्सशी थेट जोड तोडणारा ट्रान्सफॉर्मर) येतेय का? बऱ्याच चॅसिसमध्ये तो वेगळा लावावा लागतो. तो नसेल तर चॅसिसचं ग्राउंड थेट मेन्सला जोडलेलं असू शकतं, आणि तेच तुम्ही पीसीला जोडताय. पीसी तर जाईलच, तुम्हालाही शॉक बसेल.

उभा_पडदा:
वरच्या सगळ्याला दुजोरा. एक भर घालतो: प्रत्येक गेम ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांचा, नसतो. मॉर्टल कॉम्बॅट सुमारे ५४.७ वर चालतो, आर-टाइप ५५ वर. ग्रूव्हीमेम गेमप्रमाणे मोड बदलतं, तेव्हा चित्र वर-खाली सरकू लागलं तर चॅसिसवरचं व्ही-होल्ड (चित्र वर-खाली स्थिर करायचं बटण) अगदी किंचित फिरवा. शॉक टाळायला प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर, एक हात खिशात.

जुनी_जॉयस्टिक:
मनापासून आभार. आत्ताच मागची फळी काढून पाहिली. तळाला स्क्रूनं आवळलेला जड ट्रान्सफॉर्मर आहे, पण मॉनिटरच्या तारा त्याला सोडून सरळ स्विचवर नेल्यायत, जोडावर काळी टेप. आता आधी ते नीट करतो. तोवर पीसीची केबल काढून ठेवलीय.

चॅसिस_दुरुस्ती:
टेप सोडायच्या आधी प्लग काढा, आणि ट्रान्सफॉर्मरवरच्या लेबलचा फोटो टाका. कुठल्या टोकाला किती व्होल्ट ते बघून सांगतो.