जखमी घारी-घुबडांच्या पुनर्वसन केंद्रावर शाळेची सहल न्यायची आहे, तयारी काय लागते?

अंबाजोगाईकर
आठवीची 35 लेकरं, सोबत तीन शिक्षक. जानेवारीत जखमी शिकारी पक्ष्यांचं केंद्र दाखवायचा विचार आहे. बीड जिल्ह्यात तागडगावला (ता. शिरूर कासार) सर्पराज्ञी केंद्र आहे, इथून जाऊन-येऊन दिवस मोडतो. पक्षी जवळून बघू देतात का? हाताने खाऊ घालू देतात का? सोबत काय न्यावं? लेकरं आत्तापासूनच चिकन नेऊ म्हणायलीत.

बालाघाट
कुठल्याही केंद्रावर आधी फोन करून तारीख आणि नियम विचारा, वनखात्याची परवानगी लागते का तेही तिथूनच कळेल. 35 जण एकदम आत न्यायचा आग्रह धरू नका. दहा-बाराचे गट करा, बाकीच्यांना बाहेर काम द्या (ते खाली लिहितो).

उपचार चालू असलेले पक्षी दाखवत नाहीत, आणि जिथे सर्रास दाखवतात तिथे न गेलेलं बरं. समोरून रोखून बघणारे दोन डोळे म्हणजे आपला शिकारी, एवढंच त्या घारीला कळतं. ती भिंतीवर धडका घेते. त्यात पंखाची आणि शेपटीची मोठी पिसं मोडतात. मोडलेलं पीस केसासारखं वाढत नाही. खुंट गळून नवं यायला पुढची पीसगळ लागते, म्हणजे वर्षभर मुक्काम वाढू शकतो. घाई असेल तर गळून पडलेलं त्याच जातीचं, त्याच क्रमांकाचं (म्हणजे त्याच जागेचं) पीस खुंटात बांबूची बारीक काडी घालून चिकटवतात. पण ते नाजूक काम आहे, पक्ष्याला भूल द्यावी लागते. म्हणूनच चांगल्या केंद्रात उघडी जाळी कमी दिसेल. उभ्या बांबूपट्ट्या किंवा शेडनेट असतं, बघायला फट ठेवलेली असते.

बघायला मिळतील ते कायमचे अधू झालेले पक्षी, तेही केंद्राने होकार दिला तर. तिथे लेकरांना दोन गोष्टी बघायला सांगा. एक, बसायचे दांडे. सगळे एकाच जाडीचे, गुळगुळीत पाइपचे असतील तर वजन तळव्याच्या एकाच जागी येतं, घट्टे पडतात, मग त्यात पू होतो. दांडे वेगवेगळ्या जाडीचे आणि काथ्याची दोरी गुंडाळलेले हवेत. दोन, शेपटी. टोकं झिजलेली, मळलेली असतील तर पिंजरा लहान आहे.

बाहेरच्या गटासाठी काम: केंद्राकडून गव्हाणी घुबडाच्या उलटीच्या वाळलेल्या, निर्जंतुक केलेल्या गोळ्या मागा. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळी करून तोंडावाटे टाकतं. गोळी कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवली की उंदराची कवटी, जबडा, नारिंगी दात सुटे होतात. काळ्या कागदावर मांडायचे. घारीच्या गोळीत हाडं फारशी सापडत नाहीत, तिच्या पोटातलं आम्ल जास्त तीव्र असतं.

कपडे मळखाऊ रंगाचे, फ्लॅश बंद. घरी कोंबड्या असतील त्या लेकरांनी धुतलेल्या चपला घालून यावं. मानमोडी रोग असाच चपलांवरून फिरतो.

पशुवैद्यक_परभणी
चिकन नकोच. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. त्यावर वाढवलेल्या पिल्लाचे पाय काही आठवड्यांत वाकतात. अख्खा उंदीर किंवा एक दिवसाचं कोंबडीचं पिल्लू, हाडा-केसांसकट, हे खरं अन्न. 700 ग्रॅमच्या घारीला दिवसाला साधारण 70 ते 100 ग्रॅम. खाऊ घालू देतात का, तर नाही. माणसाच्या हाताला चटावलेली घार सोडल्यावर माणसांजवळच घुटमळते. पिल्लांना तर भरवणारा स्वतःचा चेहरा झाकूनच भरवतो.

जानेवारीत जाताय, म्हणजे मांजाचे रुग्ण जास्त असतील. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी मिळतो. तो खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेली पंखाच्या पुढच्या कडेची कातडी कापतो. तिच्या कडेत एक स्नायुबंध असतो. तो शाबूत असेल तर टाके घालून पक्षी उडू शकतो, तुटला की पंख पुरता उघडणं अवघड. टाक्यांनंतर पंख अंगाला बांधतात, पण फार दिवस बांधून ठेवला तर तीच कातडी आखडते. म्हणून मधून मधून सोडून हळूहळू ताणावा लागतो. पक्ष्याचं हाड तीनेक आठवड्यांत जुळतं, मोड सांध्याजवळ असेल तर मात्र आशा कमी.

विजेचा धक्का बसलेला पक्षी पहिल्या दिवशी ठीक दिसतो, चार-पाच दिवसांनी कातडी काळी पडायला लागते. "कधी सोडणार?" याचं उत्तर लगेच मिळालं नाही तर त्यामागे असं कारण असतं.

माळरान
जाताना वाटेत जखमी पक्षी दिसला तर शिक्षकांना हे माहीत हवं. आधी 1926 या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन. हे पक्षी कायद्याने संरक्षित आहेत, शाळेत किंवा घरी ठेवता येत नाहीत. उचलावंच लागलं तर डोक्यावरून जाड कापड टाका आणि पहिल्यांदा पाय धरा. धोका चोचीपेक्षा नख्यांचा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, तळाशी कापड म्हणजे पाय घसरत नाहीत. खोकं अंधारात, सावलीत. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. विहिरीत पडलेलं घुबड आधी कोरडं करा, खायला काही देऊ नका. उपाशी पक्ष्याला आधी सलाइन, मग अन्न, तेही केंद्रावरच. आणि उन्हाळ्यात झाडाखाली बसलेलं धडधाकट पिल्लू जखमी नसतं. जवळच्या फांदीवर ठेवून लांब व्हायचं, आई-बाप येतात.

अंबाजोगाईकर
चिकन रद्द. मग न्यावं काय?

बालाघाट
फोनवर विचाराच, पण बहुतेक ठिकाणी हे लागतं: रद्दी, काथ्याची दोरी, एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा (वजन रोज करतात), आणि जुन्या एक्स-रे फिल्म. फिल्म धुऊन, कापून शेपटीला म्यान करतात, पिसं मोडत नाहीत. कापड द्यायचं तर सुती चादरी, धोतरं. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फाशांत नख्या अडकतात.