सहा किलोंचा कुत्रा आणि चौथा मजला

ग्रुप: आपली सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)

रविवार

नेहा बी-४०४, स. १०:०४
नमस्कार. घरगुती प्रश्न आहे, पण टाकतेच. आर्याला वाढदिवसाला कुत्रा हवाय. तोही कुठलाही नाही, जॅक रसेल टेरियर. रील्स बघून डोक्यात बसलंय. आम्ही दोघं सव्वानऊ ते सात बाहेर. आर्या नऊ वर्षांची. सासूबाईंचे गेल्या वर्षी दोन्ही गुडघे बदललेत. शिवाय आर्याचे दोन गिनी पिग. कुत्रा पाच-सहा किलोंचाच, त्यामुळे टूबीएचकेत मावेल असं मला वाटतंय. कोणाला अनुभव आहे का?

विकास ए-३०४, स. १०:०९
घ्या घ्या! पार्किंगमधल्या घुशी तरी कमी होतील.

देशपांडे काका ए-१०२, स. १०:१५
एचएमव्हीच्या तबकडीवरचा तो हाच ना? भोंग्यासमोर बसलेला? किती शहाणा दिसायचा.

मंजिरी सी-२०१, स. १०:२१
काका, त्याच घराण्यातला. निपर नाव त्याचं, १८८४ सालचा, ब्रिस्टलचा. जॅक रसेल की फॉक्स टेरियर, यावर लोक अजून भांडतात. आणि निपर हे नाव का पडलं सांगू? पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावे घ्यायचा म्हणून. चित्रात बसलाय तेवढाच शहाणा.

देशपांडे काका ए-१०२, स. १०:२२
अरेच्चा.

सेक्रेटरी, स. १०:३०
कुत्रा लिफ्टमधून नेता येणार नाही, आधीच सांगतो.

सलील ए-५०३, स. १०:३३
येतो, साहेब. प्राणी कल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक आहे, लिफ्टला बंदी करता येत नाही. घाण केली तर उचलायची, पट्टा लावायचा, एवढं सांगू शकता.

विकास ए-३०४, स. १०:३६
पण टेरियरवर सरकारने बंदी घातली होती ना?

सलील ए-५०३, स. १०:४१
मार्च २०२४मध्ये केंद्राने २३ जातींची यादी राज्यांना पाठवली होती. त्यात पिटबुल टेरियर आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर होते, जॅक रसेल नव्हता. ते पत्रही एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली हायकोर्टाने रद्द केलं. टेरियर म्हटलं की सगळे एकाच पारड्यात टाकू नका. यॉर्कशायर टेरियर जेमतेम तीन किलोंचा, एअरडेल माझ्या गुडघ्याच्याही वर.

(हा मेसेज डिलीट करण्यात आला)

नेहा बी-४०४, स. १०:४४
मंजिरी, तुझा बंड्या जॅक रसेलच ना, म्हणून खरं तर तुलाच विचारायचं होतं. खरं खरं सांग.

मंजिरी सी-२०१, स. ११:२०
पोहे झाले, आता निवांत लिहिते. बंड्या सहा वर्षांचा आहे आणि माझा जीव आहे त्याच्यावर. तरी सांगते.

ही जात शोभेसाठी काढलेलीच नाही. टेरियर शब्द लॅटिनमधल्या ‘टेरा’ म्हणजे जमीन यावरून आला. इंग्लंडात डेव्हनला जॉन रसेल नावाचे एक पाद्री होते, शिकारीचे भयंकर शौकीन. १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून ही ओळ चालू झाली. काम काय, तर कोल्ह्याच्या मागे बिळात शिरायचं, माघार घ्यायची नाही आणि वर उभ्या माणसांना ठिकाण कळेपर्यंत भुंकत राहायचं. आत मालक नसतो, हाक ऐकू येत नाही, जे काय ठरवायचं ते कुत्र्यानेच.

आता हे आपल्या सोसायटीत आणा. उकरणं, भुंकणं, हाकेला न येणं, हे दोष नाहीत, त्यासाठीच पोसलेत दोनशे वर्षं. सिंहगड रोडला कोल्हा नाही, म्हणून बंड्या माझ्या कुंड्या उकरतो. गेल्या दिवाळीच्या आधी ए विंगसमोरची शेवंती कोणी उपटली हे सगळ्यांना माहीत आहे, रोपं मीच भरून दिली होती.

आकार बघू नकोस. रोज सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी तेवढाच लागतो. नुसता जिन्यापर्यंत फेरा नाही, कालव्याकडेने भरभर. शिवाय डोक्याला काम. मी जेवण वाटीत देतच नाही, जुन्या टॉवेलच्या घड्यांत दडवते, तो शोधत बसतो. एक दिवस चुकला की सोफ्याची शिवण उसवलेली.

आणि नेहा, गिनी पिग. वाईट वाटेल, पण त्याच्या दृष्टीने ते उंदीरच. पिंजऱ्यासमोर तासन् तास थरथरत बसेल, आणि एक दिवस दार नीट लागलेलं नसेल.

देशपांडे काका ए-१०२, स. ११:२४
शेवंती माझी होती.

मंजिरी सी-२०१, स. ११:२५
माहीत आहे हो काका.

विकास ए-३०४, स. ११:२८
आणि घुशी?

मंजिरी सी-२०१, स. ११:३१
मारतो की. पण घुशीच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा आजार होतो, कुत्र्याला आणि माणसालाही. म्हणून रेबीजबरोबर ती लसही दर वर्षी. पार्किंगसाठी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, माझ्या बंड्याला नाही.

नेहा बी-४०४, दु. १२:१०
केस तरी कमी ना?

मंजिरी सी-२०१, दु. १२:१२
आखूड आहेत, कमी नाहीत. काळ्या पँटवर पांढरी सुई रुतावी तसे रुततात.

नेहा बी-४०४, दु. १:४०
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या माझंही टाक. त्यांच्याच शब्दांत:

“मला कुत्रं आवडतं. माहेरी राखणीला दोन होती. पण ती अंगणात असायची, हे घरात राहणार. तुम्ही दोघं ऑफिसात, पोरगी शाळेत, म्हणजे साडेनऊपासून ते आणि मी. त्याला सू लागली तर चार मजले खाली नेणार कोण? मी काठी धरू की पट्टा? पायात आलं आणि पडले तर पुन्हा तोच वॉर्ड. हौस तुमची आणि दुपार माझी, असं नको.”

सलील ए-५०३, दु. १:४३
आजींनी निकालच दिला.

मंजिरी सी-२०१, दु. १:५०
मी एवढं लिहिलं, त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. कुत्रा कोणाचा, तर जो दुपारी घरी असतो त्याचा.

नेहा बी-४०४, दु. १:५५
आर्या रुसलीय. म्हणते, पहाटे मी उठेन, संध्याकाळी मी नेईन.

मंजिरी सी-२०१, दु. २:०२
मग उठू दे. उद्यापासून पंधरा दिवस पहाटे पावणेसहाला तिने आणि तिच्या बाबांनी बंड्याला फिरवायचं. पट्टा बाबांच्या हातात, पिशवी आर्याच्या. काय उचलायचं ते सांगायला नको. रविवारीसुद्धा सुट्टी नाही. आणि तिला एवढं सांग, हे कुत्रे चौदा-पंधरा वर्षं जगतात. ती कॉलेजला बाहेरगावी जाईल तेव्हा हा घरीच असेल, आणि पावणेसहाला तू उठशील.

त्यानंतरही घ्यायचाच असेल तर घाई करू नका. २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आई दाखवत नसेल तर उठून यायचं. डोळ्यांचंही विचारा, टेरियरमध्ये डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार असतो. नाहीतर एखादा चार-पाच वर्षांचा, शांत झालेला देशी दत्तक घ्या. स्वभाव आधीच कळतो, पिल्लू म्हणजे लॉटरी.

सेक्रेटरी, दु. २:१०
कृपया कामाचेच मेसेज टाकावेत.

शुक्रवार

आर्याचे बाबा बी-४०४, स. ६:१२
मंजिरी, जागी आहेस का? बंड्याने कालव्याजवळ घूस पकडलीय. सोडत नाहीये. आर्या रडतेय.

मंजिरी सी-२०१, स. ६:१३
हात घालू नका! ओढूही नका, पकड आणखी घट्ट करेल. डाव्या खिशात पनीर दिलंय ना, ते नाकाशी धरा आणि ‘सोड’ म्हणा. एकदाच. आलेच मी.

आर्याचे बाबा बी-४०४, स. ६:१९
सोडली. घूस गेली बिचारी, म्हणजे वर गेली. बंड्या शेपटी हलवतोय, शाबासकी मागतोय.

नेहा बी-४०४, स. ६:४०
आर्या घरी आल्या आल्या गिनी पिगांच्या पिंजऱ्यापाशी जाऊन बसलीय. दुधाचा कप तसाच.

नेहा बी-४०४, स. ७:०५
मंजिरी, आर्या विचारतेय: देशी कुत्रे पण असंच करतात का? आणि उद्या पावणेसहालाच यायचं ना?

सेक्रेटरी, स. ७:३०
आज ११ ते १ टाकी धुण्याचे काम. पाणी भरून ठेवावे.