मदत हवी आहे: पहिल्या रेल्वेची खात्रीची माहिती कुठे शोधू? (ठाणे)

कोपरी_लेडीज_डबा

नमस्कार मंडळी,

आमचा ठाण्याहून सकाळच्या लोकलने जाणारा ग्रुप आहे. यंदा १६ एप्रिलला पहिल्या रेल्वेवर चार पानी पत्रक छापून फलाटावर वाटायचं ठरलंय. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं त्यात काय, सगळं पाठच आहे की! १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी.

मसुदा ग्रुपमधल्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांना दाखवला. ते रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांनी जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने लिहून पाठवलं, "कुठून घेतलं?" खरं सांगायचं तर सगळं नेटवरून.

मग शोधायला बसले तर गुंता वाढला. प्रवासाला कुठे ५७ मिनिटं लागलेली, कुठे सव्वा तास. इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान सगळीकडे आहेत, पण मी वाचलेल्या एकाही लेखात ती मुळात कुठे छापली होती ते नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दर एप्रिलला "पहिल्या गाडीचा फोटो" येतो तो वेगळाच.

वाचनालयात गेले, तर काउंटरवर पहिला प्रश्न, "पुस्तकाचं नाव? लेखक?" तेच तर मला हवंय! जाणकारांनी सांगावं, नाव माहीत नसताना शोधायचं कसं? आणि दोन ठिकाणी दोन आकडे असतील तर कुठला धरायचा?

निवृत्त_ग्रंथपाल

ताई, पुस्तकाचं नाव नसलं तरी विषय आहे ना, मग अडत नाही. बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकं ड्यूई वर्गीकरणाने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा देऊन लावतात. रेल्वे वाहतूक ३८५ ला, रेल्वेचं बांधकाम ६२५ ला आणि भारताचा इतिहास ९५४ ला. म्हणजे तुमचा विषय तीन वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेला आहे. आत जायची मुभा असेल तर तिन्हीकडे उभं राहून पुस्तकं चाळा. प्रत्येक पुस्तकाची संदर्भसूची आधी बघा. सूचीच नसेल तर ते करमणुकीसाठी घरी न्या, आकड्यांसाठी नको.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे. तिथे "रेल्वेचं पुस्तक द्या" म्हणू नका. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' मागा. १८६३ चं आहे, म्हणजे गाडी सुटल्यावर दहाच वर्षांनी छापलेलं, आणि मराठीत. जोडीला ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड. तो १८८२ चा. सरकारी म्हणून लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, पण तोही घटनेनंतर २९ वर्षांनी लिहिलेला आहे. १८५३ च्या त्या दुपारसाठी त्याच आठवड्यातलं वर्तमानपत्रच हवं.

ऐरोली_स्लो

वर्तमानपत्रावरून आठवलं. ऑनलाइन संग्रहात "टाइम्स ऑफ इंडिया, १८५३" शोधत बसाल तर वेळ फुकट जाईल. तेव्हा त्याचं नाव बॉम्बे टाइम्स होतं, आताचं नाव १८६१ चं. ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंगही तेव्हा वेगळंच होतं, 'टान्ना' असं काहीसं लिहीत. आजचं स्पेलिंग टाकलंत तर हाती भोपळा. मराठीत प्रभाकर आणि ज्ञानोदय तेव्हा निघत होते. फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीत विचारा, त्यांचं ग्रंथसंजीवनी नावाचं डिजिटल दालनही आहे.

खारेगावकर

फोटोचं सोप्पं आहे. रिव्हर्स इमेज सर्चमध्ये (फोटो टाकला की तो नेटवर कुठे कुठे आहे ते दाखवतं) टाका आणि सगळ्यात जुनं पान उघडा. खाली कुठल्या संग्रहातला, कुठल्या साली काढलेला हे नसेल तर पत्रकात घेऊ नका.

आणि "भारतातली पहिली रेल्वे" लिहू नका हो! मद्रासकडे १८३७ मध्ये दगड वाहायला रेड हिल रेल्वे होती, रुरकीला १८५१ मध्ये कालव्याच्या कामावर इंजिन धावलं. आपली ती पहिली प्रवासी गाडी. ठाणेकर म्हणून मलाही जिवावर येतं, पण "प्रवासी" शब्द घालाच.

कोपरी_लेडीज_डबा

धन्यवाद सगळ्यांना! निवृत्त_ग्रंथपाल काका, वेळेचं मात्र अजून सुटत नाहीये. ५७ मिनिटं म्हणणारे लेख मला जास्त सापडले. मग तेच घेऊ?

निवृत्त_ग्रंथपाल

लेख मोजू नका. त्यातली वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचा. विशेषणं आणि स्वल्पविरामसुद्धा तेच असतील तर ते सगळे मिळून एकच साक्षीदार.

आता आकडा तपासू. अंतर २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटरच्या आसपास. ५७ मिनिटांत गेली तर ताशी साधारण ३६ किलोमीटर, सव्वा तासात गेली तर २७. दोन्ही शक्य, म्हणजे गणिताने निकाल लागत नाही. वाटेत शीवला पाणी भरायला गाडी थांबली असंही लिहितात. एकाने थांबा धरला असेल, दुसऱ्याने वगळला असेल. छापील बातमी डोळ्यांनी पाहीपर्यंत वेळ लिहूच नका. "दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटली" एवढ्याने पत्रकाचं काही अडत नाही.

कोपरी_लेडीज_डबा

पटलं. वेळ काढली, फोटोही काढला. इंजिनांची नावं "असं सांगतात" म्हणून ठेवली आहेत, ती काढली तर ग्रुपमधल्या बायका मला डब्यात चढू देणार नाहीत. बातमीसाठी शनिवारी फोर्टला जातेय. तिथे जुनी वर्तमानपत्रं बघायला कुणाची चिठ्ठी लागते का, की नुसतं ओळखपत्र चालतं? कुणी हल्लीच जाऊन आलं असेल तर सांगा.